आफ्रिकेची कॉफी घरी आंबट का होते? तासगावहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न असा: "ताई, आमची तासगावजवळ द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड आहे. धाकटा भाऊ नैरोबीत नोकरीला आहे. येताना त्याने केनिया एए आणि इथिओपियाची यिर्गाचेफे अशा पाव-पाव किलोच्या दोन पिशव्या आणल्या. यिर्गाचेफेचे दाणे मिक्सरला फिरवून नेहमीसारखी दुधात उकळून कॉफी केली, तर दूध फाटल्यासारखं झालं. मग नुसत्या आरओच्या पाण्यात उकळली, तर आंबटही लागली आणि कडूही. भाऊ म्हणतो ही जगातली नावाजलेली कॉफी आहे. दाणे खराब निघाले का? आणि घरी चांगली करायची तर काय काय घ्यावं लागेल?"

दादा, दाणे खराब नाहीत. तुम्ही लिहिलंय त्यावरून ते हलके भाजलेले, चांगल्या प्रतीचे दाणे आहेत, आणि आपण चिकोरीच्या दुधाळ कॉफीला जी वागणूक देतो तीच त्यांना मिळाली. सांगलीत विश्रामबागेला मी बारा वर्षं कॉफी भाजते आहे. पहिल्यांदा आफ्रिकेची कॉफी घरी नेणारे बहुतेक जण आठवड्याभरात हीच तक्रार घेऊन परत येतात. त्या दाण्यात आंबटपणा मुळातच असतो, असायलाच हवा. त्याच्या जोडीला येणारा गोडवा मात्र तुमच्या कपात उतरलाच नाही.

तुम्ही बेदाणा करता, त्यामुळे हे तुम्हाला समजावणं मला सोपं आहे. कॉफी म्हणजे एका लाल, करवंदाएवढ्या फळाची बी. फळाला पातळ गोड गर असतो आणि आत समोरासमोर चिकटलेल्या दोन बिया. इथिओपियातली जुनी रीत म्हणजे पिकलेलं फळ अख्खंच वाळवायचं: जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर जाळी ताणून तिच्यावर फळं पसरायची, दिवसातून अनेकदा परतायची, दुपारच्या कडक उन्हात आणि रात्रीच्या दवात झाकून ठेवायची. दोन ते चार आठवड्यांत फळ वाळून काळपट होतं, मग साल फोडून बी काढतात. तुमच्या शेडमध्ये रॅकवर द्राक्षाचं जे होतं, जवळपास तेच. अवकाळी पावसाने बेदाणा काळा पडतो, तसाच तिथे ओलाव्याने माल आंबतो, बुरशी धरतो. अशा वाळवलेल्या कॉफीला नॅचरल म्हणतात. तिच्यात मनुक्यासारखा, कधी पिकलेल्या स्ट्रॉबेरीसारखा वास येतो.

दुसरी रीत वॉश्ड. इथिओपियात ती १९७० च्या दशकात रुळली. फळ तोडलं त्याच दिवशी यंत्राने साल-गर काढतात, बीला चिकटून राहिलेला बुळबुळीत थर टाकीत आंबवून सोडवतात, भरपूर पाण्याने धुतात आणि मग तशाच जाळीवर वाळवतात. ही चव स्वच्छ असते: लिंबाची साल नखाने खरवडल्यावर येतो तो वास, जाईच्या फुलांचा वास, आणि अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, हलकं, जवळजवळ चहासारखं. तुमच्या पिशवीवर यातला एक शब्द नक्की छापलेला असेल. तो आधी शोधा, कारण कपात काय शोधायचं ते त्यावरून ठरतं.

यिर्गाचेफे हा इथिओपियाच्या दक्षिणेतल्या गेडेओ भागातला प्रदेश. उंची साधारण १,७०० ते २,२०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही बरीच वर. तिथे कॉफीचे मोठे मळे फारसे नाहीत. घरामागच्या परसात केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेटच्या आणि मोठ्या झाडांच्या सावलीत थोडी थोडी कॉफी असते. परसातल्या या मिश्र शेतीसह गेडेओचा मुलूख युनेस्कोने २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतला. शेतकरी टोपलीभर फळं जवळच्या धुलाई केंद्रावर नेऊन घालतो. म्हणून पिशवीवर एका शेतकऱ्याचं नाव सहसा नसतं, गावाचं किंवा केंद्राचं असतं. इतक्या उंचीवर रात्री गार असतात, फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट आणि जड होतो, आणि त्यात आम्ल आणि साखर दोन्ही साठतात. याच घट्टपणामुळे तुमचा कप बिघडला, ते पुढे सांगते.

केनियाची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या नामांकित कॉफीमागे बहुतेक वेळा एसएल २८ आणि एसएल ३४ या जाती असतात. त्या १९३० च्या दशकात स्कॉट अॅग्रिकल्चरल लॅबोरेटरीज या सरकारी संशोधन केंद्रात निवडल्या गेल्या. एसएल ही त्याच नावाची अक्षरं. न्येरी, किरिन्यागा हे माउंट केनियाच्या उतारावरचे भाग, लाल ज्वालामुखी माती. आंबवून धुतल्यावर दाणे पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजत ठेवायची तिथली पद्धत आहे. या कॉफीची चव इंग्रजी पुस्तकांत ब्लॅककरंट म्हणून लिहितात. ते फळ आपण खाल्लेलं नसतं. मी शिकवताना सांगते: मे महिन्यातलं पूर्ण पिकलेलं करवंद आठवा. तो जांभळा आंबटगोडपणा, जिभेच्या कडांना पाणी सुटतं तो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. एए म्हणजे सर्वोत्तम चव, असं नाही. ती चाळणीची प्रतवारी आहे, बेदाण्याची आकारावरून होते तशी. एए म्हणजे साधारण सात मिलिमीटरच्या वरचा मोठा दाणा, एबी त्याहून लहान, पीबी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी धरते ती. तासगावला बेदाण्याचे सौदे निघतात तसा नैरोबीत कॉफीचा लिलाव होतो आणि मोठ्या दाण्याला भाव चढा मिळतो. पण मी एबीचे असे लॉट चाखले आहेत की शेजारी ठेवलेला एए फिका वाटावा. पुढच्या वेळी भाऊ एबी घेऊन आला तर नाराज होऊ नका.

आता तुमच्या कपाकडे येऊ.

मिक्सरमधून काढलेली पूड पांढऱ्या ताटलीत पसरा आणि खिडकीशी नेऊन बघा. काही तुकडे मुगाच्या डाळीएवढे दिसतील, आणि त्यांच्यामध्ये काजळासारखी बारीक पूड, बोटाला लागली की निघत नाही अशी. गरम पाणी कॉफीतून आधी आम्लं ओढून घेतं, मग गोडवा, आणि सगळ्यात शेवटी कडू-तुरट. मुगाएवढ्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचलंच नाही, त्याने फक्त आंबट दिलं. काजळासारख्या पुडीतून शेवटचा कडूपणासुद्धा निघाला, त्यात तुम्ही उकळी आणलीत. एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागलं ते यामुळे. गडद भाजलेला दाणा ठिसूळ असतो, तो पाण्याला लगेच वाट देतो. उंचावरचा हलका भाजलेला दाणा घट्ट, तो हट्टी असतो, म्हणून त्यात हा फरक जास्त उघडा पडतो. दूध फाटलं ते कॉफीतल्या आम्लामुळे: उकळत्या दुधाला थोडंसं आम्लही पुरतं, आणि दूध सकाळचं असेल तर लगेचच.

काहीही विकत न घेता आज करता येईल असं सांगते. मिक्सर सलग फिरवू नका, सेकंदभर फिरवून थांबा, भांडं हलवा, असं आठ-दहा वेळा. मग पूड मैद्याच्या चाळणीतून चाळा, खाली पडेल ती बारीक पूड बाजूला ठेवा. वरच्या भरडीतले मोठे तुकडे परत एकदा फिरवा. रव्याहून जाड, गव्हाच्या लापशीहून बारीक अशी भरड हवी. पंधरा ग्रॅम भरड स्टीलच्या भांड्यात घ्या, त्यावर अडीचशे मिलिलिटर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवून पाच मिनिटं हात लावू नका. मग एकदा ढवळा, वर आलेला फेस चमच्याने काढा, आणखी दोन-तीन मिनिटं गाळ बसू द्या आणि धुतलेल्या सुती फडक्यातून गाळा. गॅसवर परत चढवायचं नाही. आम्ही लॉटची चव तपासतो तीही अशीच: पेल्यात पूड, वर उकळतं पाणी, चार मिनिटांनी वरची साय मोडून वास घ्यायचा. ही रीत चुका पोटात घालते.

आणि गाळल्यावर लगेच सगळी पिऊन टाकू नका. पहिला घोट गरम असताना घ्या, मग कप ठेवून द्या. सात-आठ मिनिटांनी, कप हातात धरवतो इतका कोमट झाला की परत घ्या. यिर्गाचेफेची फुलं आणि केनियाचं करवंद तिथे कळतं. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका आजींनी कोमट कप नाकाशी धरून "अगं, यात ईडलिंबू आहे" म्हटलं होतं, आणि पिशवीवर लिहिलेल्या सगळ्या शब्दांपेक्षा ते अचूक होतं.

विकत घ्यायचंच तर आधी दळायचं यंत्र घ्या. इतर काहीही नंतर. लोक हजारो रुपये चकचकीत मशिनीवर घालतात आणि दळण मिक्सरवर करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्टीलच्या शंकूच्या दात्यांचा हाती फिरवायचा ग्राइंडर घ्या. सिरॅमिक दात्यांचे स्वस्त मिळतात, पण हे घट्ट दाणे दळताना त्यांच्यावर हात भरून येतो आणि भरड एकसारखी पडत नाही. दुसरा, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. चमच्याने मोजू नका, कारण हलक्या भाजणीचा चमचाभर दाणा गडद भाजणीच्या चमच्यापेक्षा जड भरतो. तिसरा, शंकूच्या आकाराचा ड्रिपर, म्हणजे कपावर ठेवायची गाळणी, आणि त्याचे गाळायचे कागद. हारिओ कंपनीचा व्ही६० ड्रिपर घ्यायचा तर प्लास्टिकचा घ्या. तो सगळ्यात स्वस्त, आणि चिनी मातीच्या ड्रिपरसारखा पाण्याची उष्णता शोषून घेत नाही.

ड्रिपरची कृती: कागद बसवून त्यावर गरम पाणी ओता, कागदाचा वास जातो, ते पाणी फेकून द्या. पंधरा ग्रॅम कॉफी, जाड मिठाएवढी भरड. पाणी एकूण अडीचशे ग्रॅम, काट्यावर तोलत. आधी पंचेचाळीस ग्रॅम ओता आणि चाळीस सेकंद थांबा. ताजी कॉफी असेल तर ती इथे भाकरीसारखी फुगते, बुडबुडे येतात. भाजताना दाण्यात अडकलेला वायू बाहेर पडत असतो. तो गेल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. मग मधोमध, बारीक धारेने, गोल फिरवत दीडशेपर्यंत, थोडं खाली उतरलं की अडीचशेपर्यंत. सुरुवातीपासून तीन-साडेतीन मिनिटांत सगळं पाणी उतरायला हवं.

पुढचं सगळं जिभेवर. आपल्या भाषेत तुरट हा शब्द आहे तो इथे फार उपयोगी पडतो. कप आंबट, पातळ आणि गिळल्यावर चव लगेच संपत असेल तर उद्या भरड एक घर, म्हणजे ग्राइंडरच्या फिरकीवरचा एक टप्पा, बारीक करा. कडू आणि तुरट, कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ कोरडी पडत असेल तर एक घर जाड. बाकी वजन, पाणी, वेळ यांना हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. बहुतेकांचा कप तिसऱ्या-चौथ्या दिवशी जागेवर येतो.

पाणी किती गरम? सांगली-तासगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. हलक्या भाजणीला उकळी आली की लगेच ओतलं तरी चालतं, ओतेओतेस्तोवर ते उतरतंच. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे तर क्षणभरही थांबायचं नाही. गडद भाजणी असेल तर मात्र मिनिटभर निवू द्या.

पाण्याबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण इथे ते फार चुकतं. कपातला ९८ टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असतं. तुम्ही आरओचं पाणी वापरलंत. घरच्या आरओमधून बहुतेक वेळा क्षार जवळजवळ पूर्ण काढलेलं पाणी येतं, त्यात कॉफी बोचरी आंबट आणि पोकळ लागते, कारण चव ओढून घ्यायला थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं आणि आम्ल सावरायला थोडे बायकार्बोनेट. बोअरचं जड पाणी घेतलंत तर उलटं: किटलीच्या तळाला पांढरा थर धरणारे तेच बायकार्बोनेट भरमसाट असतात, आणि लिंबाच्या सरबतात खायचा सोडा टाकला तर जे होईल ते केनियाचं होतं. करवंद गायब, उरते नुसती मातकट चव. म्हणून दोन्ही मिसळा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घरोघरी झालाय, त्यावर शंभर ते दीडशेच्या मध्ये आकडा येईल असं. मात्र नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यातलं मचूळ पाणी यासाठी घेऊ नका. तिथे मीटर क्षार दाखवतो, पण ते मिठाचे असतात, कामाचे नव्हेत.

साठवणीचं. आमच्या हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही ऐकून असाल. जमिनीत खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची ती तोंड बंद करून आतली हवा तोडल्यामुळे. पेव उघडलं की माणूस उतरवण्याआधी बराच वेळ मोकळं ठेवत, इतकं आत हवेचं नाव नसे. कॉफीलाही तेच हवं: हवा नको, ओल नको, ऊन नको. हलकी भाजलेली कॉफी भाजल्यापासून आठवडा-दोन आठवडे मुरू द्यावी, मग महिना-दीड महिना तिचा उत्तम काळ. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, उघडझाप आणि ओल दोन्ही तिथे असते. पावसाळ्यात तर नाहीच. जास्त दिवस ठेवायची असेल तर पन्नास-पन्नास ग्रॅमच्या घट्ट बंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका, एक पुडी काढली की खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, आणि ती परत आत जाणार नाही.

वासाचंही सांभाळा. सुरुवातीच्या काळात मी इथिओपियाची पहिली पिशवी शेजारच्या एका मसाला कांडपात दळून आणली होती. चक्की दोनदा तांदूळ घालून साफ करून घेतली होती. तरी कपात लवंग आणि मिरची आली, आणि मी बरेच दिवस त्या कॉफीलाच दोष देत राहिले. तुमच्याही मिक्सरला हळद-मसाल्याचा वास असणारच, कॉफीसाठी लहान भांडं वेगळं ठेवा.

आता दुधाचं. घरात कुणाला दुधाचीच कॉफी हवी असेल तर ती चिकमगळूरची, मध्यम-गडद भाजणीची, हवी तर चिकोरी घातलेली, पितळी फिल्टरमध्ये करा. ती तिच्या जागी फार उत्तम कॉफी आहे. यिर्गाचेफे दुधात बुडवली की काहीच उरत नाही. केनिया जरा दाट काढली, पंधरा ग्रॅमला दीडशे पाणी, आणि वरून दोन चमचे उकळी येऊ न देता गरम केलेलं दूध, तर चालते. साखर घालायची तर घाला, पण आधी दोन घोट बिनसाखरेचे घ्या.

या दोन पिशव्या संपल्यावर काय? आपल्याकडे आयात शुल्क जबर असल्याने आफ्रिकन दाणे महाग पडतात, भारतातले मोजके भाजणारेच थोडे थोडे आणतात. घेताना पिशवीवर भाजल्याची तारीख, प्रदेश, उंची आणि प्रक्रिया चारही लिहिलेलं बघा. नुसतं "शंभर टक्के अरेबिका" असेल तर सोडा. रवांडा-बुरुंडीची कॉफी मिळाली तर घ्या, लाल बूर्बों जातीची, गोड असते. फक्त दळताना कधी कच्च्या बटाट्याचा वास आला तर तेवढं दळण फेका, एखाद्याच दाण्यात तो दोष असतो, बाकी पिशवी चांगली असते. भावाला मात्र भाजलेलेच दाणे आणायला सांगा. कच्च्या दाण्यांना वनस्पती विलग्नवासाचा (प्लांट क्वारंटाइनचा) परवाना लागतो.

रोजच्यासाठी आपल्याच मुलखातल्या कॉफीच्या एका जातीचं नाव सांगते: सिलेक्शन ९. सुफी संत बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या असं सांगतात, आणि येमेनची कॉफीही मुळात इथिओपियाचीच. सिलेक्शन ९ मध्ये ते नातं अगदी जवळचं आहे, कारण तिचा एक पालक टाफारीकेला ही इथिओपियाची जात आहे. उंचावरची, वॉश्ड, हलकी-मध्यम भाजलेली मिळाली तर लिंबाचा आणि फुलांचा तोच धागा सापडतो, निम्म्याहून कमी पैशांत.

केनियाची पिशवी ग्राइंडर येईपर्यंत उघडू नका. यिर्गाचेफेवर हात बसवा, आणि पहिल्या कपाला किती मिनिटं लागली आणि चव आंबट की तुरट, एवढं कळवा; पुढचं घर कुठल्या बाजूला फिरवायचं ते सांगते.